अडीचशे सह्या आणि एक एबी फॉर्म

24 मार्च 2025 रोजी दुपारी तीनच्या सुमारास मी न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन येथील राज्य निवडणूक विभागाच्या कार्यालयात सह्यांच्या कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. राज्याच्या विधिमंडळासाठी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवण्याची निवडणूक, लढवू इच्छिणाऱ्यांनी अर्ज दाखल करण्याची मुदत त्या दिवशी चार वाजता संपणार होती. आमच्या उमेदवार बाई शेजारच्या खुर्चीवर बसून पानांचे क्रमांक तिसऱ्यांदा तपासत होत्या, आणि मला मात्र राहून राहून आमच्या गावाकडच्या प्रांत कचेरीचे आवार आठवत होते.

ते आवार मी 27 सप्टेंबर 2014 रोजी पाहिले होते. आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी माहेरी गेले होते. घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे 25 तारखेला, महाराष्ट्रातली युती आणि आघाडी एकाच दिवशी तुटली आणि ज्या पक्षांकडे निम्म्याच जागा होत्या त्यांना अठ्ठेचाळीस तासांत सगळीकडे उमेदवार शोधायची वेळ आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षे एका पक्षाच्या सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते. त्यांना मुंबईहून निरोप आला की अर्ज भरून तयार राहा, एबी फॉर्म गाडीने निघाला आहे. परदेशातल्या पिढीला कदाचित हे सांगावे लागेल की एबी फॉर्म म्हणजे अमुक इसम आमचा अधिकृत उमेदवार असल्याचे पक्षाने निवडणूक अधिकाऱ्याला दिलेले पत्र. तो दुपारी तीनच्या आत पोचला नाही तर माणूस अपक्ष ठरतो. गाडी पावणेतीनला आली. फॉर्मही आला, पण त्यावर नाव दुसऱ्याचे होते, आणि तो दुसरा दोन दिवसांपूर्वीपर्यंत दुसऱ्याच पक्षात होता. अण्णांनी आपला अर्ज घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि घरी येऊन आईच्या औषधांच्या वेळा विचारल्या. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्याशी अकरा वर्षे काढला नव्हता.

मी 2022 मध्ये अमेरिकेची नागरिक झाले. इतकी वर्षे इथे राहून प्रायमरी या शब्दाचा माझ्या लेखी अर्थ एवढाच होता की चार वर्षांतून एकदा टीव्हीवर आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांची नावे ऐकू येतात. राज्याच्या विधिमंडळालाही प्रायमरी असते, आणि नोव्हेंबरातल्या मतदानापेक्षा तीच बहुतेक ठिकाणी निर्णायक ठरते, हे मला मुलीच्या शाळेच्या एका बैठकीत कळले. आमच्या उमेदवार बाईंनी गावच्या शिक्षण मंडळावर काम केलेले होते. शाळांना राज्याकडून मिळणाऱ्या निधीचे सूत्र त्या फळ्यावर मांडून समजावत होत्या आणि शेवटी सहज म्हणाल्या की हे सूत्र बदलायचे असेल तर ते या गावात बदलता येणार नाही, ट्रेंटनलाच जावे लागेल. महिन्याभराने त्यांनी उभे राहायचे ठरवले. मी हिशेबनीस असल्याचे त्यांना ठाऊक होते. प्रत्येक उमेदवाराला खजिनदार नेमावा लागतो, प्रचाराचे स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि जमाखर्च राज्याच्या निवडणूक कायदा अंमलबजावणी आयोगाला सादर करावा लागतो. मी खजिनदाराला मदत करायला म्हणून गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातात सह्यांचे पॅड आले.

मतदारसंघाचा क्रमांक आणि बाईंचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्या दारात मी उभी राहिले त्या लोकांना ते ओळखू येईल. पण रचना सांगितली पाहिजे. न्यू जर्सीत 40 मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून सिनेटवर एक व असेम्ब्लीवर दोन सदस्य निवडून जातात. म्हणजे असेम्ब्ली 80 जणांची, आणि तिची मुदत अवघी दोन वर्षांची. 2025 मध्ये सिनेटची निवडणूक नव्हती. गव्हर्नरची आणि असेम्ब्लीची होती. मानधन वर्षाला 49,000 डॉलर होते आणि जानेवारी 2026 पासून ते 82,000 होणार होते, त्यामुळे नोकरी सांभाळून लढणारी माणसे यंदा अधिक दिसत आहेत असे जुने कार्यकर्ते म्हणत असत. आमचा मतदारसंघ असा की डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी जिंकणारे दोघे नोव्हेंबरात जवळजवळ निवडून आल्यातच जमा. म्हणजे खरी लढत जूनमध्ये, आणि तीही एकाच पक्षाच्या माणसांत.

विधिमंडळाच्या उमेदवाराला पूर्वी 100 सह्या पुरत. त्या वर्षी नव्या कायद्याने ती संख्या 250 झाली होती. सही करणारा त्याच मतदारसंघाचा नोंदणीकृत मतदार हवा, दुसऱ्या पक्षात नाव नोंदवलेला नको, आणि सह्या गोळा करणाऱ्याने त्या आपल्यासमोर झाल्याचे शपथेवर लिहून द्यावे लागते. प्रतिस्पर्धी आक्षेप घेतात, म्हणून अनुभवी माणसे दीडपट ते दुप्पट सह्या जमवतात.

आम्ही पहिल्या शनिवारी फार मोठी चूक केली. जिथे आपली माणसे भेटतात तिथे उभे राहावे या हिशेबाने मी ओक ट्री रोड सुचवला. मार्च महिन्याचा बोचरा वारा होता, बोटे आखडून पेन हातात धरवत नव्हते, पण किराणा दुकानातून बाहेर पडणारा माणूस थांबत होता, गाव विचारत होता आणि सही करत होता. दोन तासांत एकतीस सह्या झाल्या म्हणून आम्ही खुशीत चहा प्यायलो. संध्याकाळी मतदारयादीशी ताडून पाहिल्यावर त्यांतल्या अकराच उपयोगाच्या निघाल्या. ओक ट्री रोड हा बाजार म्हणून एकच असला तरी त्याचा एडिसनमधला भाग अठराव्या मतदारसंघात आहे आणि इसेलिन हा वूडब्रिजचा भाग असल्यामुळे एकोणिसाव्यात. शिवाय शनिवारी तिथे भाजी घ्यायला येणारा माणूस पेनसिल्वेनियाहूनही येतो. काहीजण तर ग्रीन कार्डवर होते आणि मला वाईट वाटू नये म्हणून सही करून गेले होते! आपल्या माणसांच्या भिडस्तपणावर निवडणूक लढवता येत नाही, हे मी त्या संध्याकाळी खोडलेल्या ओळी मोजताना शिकले.

त्या अकरांत एका गुजराती आजोबांची सही होती. त्यांनी ती गुजराती लिपीत केली, आणि मी घाबरून त्यांना इंग्रजीत करायला सांगितली. ते शांतपणे म्हणाले की मतदार नोंदणीच्या अर्जावरही माझी हीच सही आहे, वाटल्यास काढून पाहा. ती मी इंग्रजीत करून घेतली असती तर कदाचित जुळली नसती. हे आजोबा पुढे पुन्हा भेटणार आहेत.

त्यानंतर आम्ही बाजार सोडला आणि यादी घेऊन घरोघर गेलो. एका घरातून दोन किंवा तीन सह्या मिळत, वेळ जाई, पण बहुतेक सह्या खऱ्या निघत. 24 तारखेला आमच्याकडे 412 होत्या. ट्रेंटनच्या कार्यालयातल्या कारकुनाने गठ्ठा घेतला, पानांवर एक नजर टाकली, शिक्का मारला आणि पोच दिली. चार वाजायला वीस मिनिटे होती. बाहेर येऊन मी अण्णांना फोन लावला. भारतात पहाट व्हायची होती, पण म्हातारपणी त्यांना झोप कमीच. मी त्यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हंजे पक्षानं काय दिलं न्हाई हिला? नुसत्या लोकांच्या सह्या?” मी हो म्हटले. “आणि तरी ती पक्षाचीच उमेदवार?” मी म्हटले, अजून नाही, त्यासाठीच तर निवडणूक आहे. “मग तिकडं एबी फॉर्म कोण देतं?” या प्रश्नाचे खरे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही, कारण ते एका वाक्यात मावणारे नव्हते.

उत्तर असे आहे की न्यू जर्सीत परवापरवापर्यंत एबी फॉर्म होता, फक्त तो कागदावर नव्हता, मतपत्रिकेच्या मांडणीत होता. इथल्या 21 पैकी 19 काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, मतपत्रिका अशी छापली जाई की पक्षाच्या काउंटी संघटनेने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे, वरच्या मोठ्या पदापासून खालच्या लहान पदापर्यंत, एकाच रांगेत किंवा एकाच स्तंभात येत. याला सगळे ‘काउंटी लाइन’ म्हणत. बाकीचे उमेदवार दूरच्या कोपऱ्यात, मध्ये कोऱ्या जागा सोडून, कुणाच्या तरी खाली अडकवलेले. त्या कोपऱ्याला कार्यकर्त्यांच्या भाषेत ‘सायबेरिया’ असे नाव होते. कायद्याने कुणीही सह्या जमवून उभे राहू शकत होता, पण लाइन नसलेला असेम्ब्लीचा उमेदवार निवडून येणे ही बातमी ठरावी अशी दुर्मीळ गोष्ट होती. त्यामुळे खरी उमेदवारी काउंटीच्या पक्षाध्यक्षाच्या बैठकीत ठरे. आमच्याकडे गाडी मुंबईहून येते, इथे ती काउंटीच्या मुख्यालयातून येत असे, इतकाच फरक.

2024 च्या फेब्रुवारीत अँडी किम यांनी, जे तेव्हा अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते आणि राज्याच्या नव्हे तर अमेरिकेच्या सिनेटची प्रायमरी लढवत होते, या मांडणीविरुद्ध दावा दाखल केला. 29 मार्च 2024 रोजी संघीय न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली. पुढे विधिमंडळालाच कायदा करावा लागला आणि मार्च 2025 मध्ये गव्हर्नर मर्फी यांनी त्यावर सही केली. आता प्रत्येक पदाची वेगळी चौकट असते, तिच्यात त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र येतात आणि क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. असेम्ब्लीची ही अशी पहिलीच प्रायमरी. आमच्या बाई ज्या उभ्या राहिल्या त्या या एका बदलामुळे, आणि आजूबाजूच्या मतदारसंघांत जी गर्दी झाली होती तीही त्यामुळेच. जर्सी सिटीचे महापौर स्टीव्ह फुलप गव्हर्नरपदासाठी लढत होते. त्यांनी तर राज्यभर विद्यमान असेम्ब्ली सदस्यांविरुद्ध आपल्या बाजूचे उमेदवार उभे केले होते.

संघटनेचे वजन मात्र संपले नव्हते. न्यू जर्सीत प्रायमरीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाजवळ सहा शब्दांपर्यंतचे घोषवाक्य छापता येते, आणि ज्यांना पाठिंबा मिळाला ते त्या सहा शब्दांत काउंटी संघटनेचेच नाव घालतात. जोडीने लढणाऱ्यांची नावे एकत्रही छापून घेता येतात. आमच्या बाई एकट्या. त्यांच्या सहा शब्दांसाठी आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती तीन तास घातले. कुणी म्हणे शाळा हा शब्द हवा, कुणी म्हणे कर हा शब्द हवा, आणि सगळ्यांना सगळे हवे असल्यामुळे प्रत्येक वेळी सात किंवा आठ शब्द होत. शेवटी बाईंनीच एक शब्द खोडला. तो माझा होता.

एप्रिलपासून दारोदार प्रचार सुरू झाला. हे काम फोनवरील मिनीव्हॅन नावाच्या ॲपवर चालते. त्यात रस्त्यावरचे प्रत्येक घर दिसत नाही. ज्या घरातले लोक आधीच्या प्रायमऱ्यांत मत देत आले आहेत तीच घरे दिसतात, मतदाराचे नाव, वय आणि पक्ष यांसह. मनुष्यबळ थोडे आणि दिवस कमी, म्हणून मतदानाला नक्की जाणाऱ्यांनाच भेटायचे, हा त्यामागचा हिशेब. हिशेब म्हणून मला तो पटला. पण दुसऱ्या रविवारी मी एका मोठ्या गृहसंकुलात गेले, तिथे दरवाजांवर तोरणे होती, चपलांचे ढीग होते, फोडणीचा वास येत होता, आणि माझ्या फोनवर त्या अख्ख्या इमारतीतले एकच दार होते. बाकीच्या घरांतले नागरिक असतीलही, पण त्यांनी प्रायमरीत कधी मत दिलेले नव्हते, म्हणून त्यांच्याकडे कुणी उमेदवार जात नव्हता, आणि कुणी येत नाही म्हणून त्यांना प्रायमरी असते हे कळत नव्हते. मी बाईंना म्हटले की मला यादीबाहेरच्या दारांसाठी आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. प्रचारप्रमुखाला ते आवडले नाही, आणि आकड्यांच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते. बाईंनी मला बुधवार दिला.

बुधवारच्या दारांची गोष्टच निराळी होती. आत बोलावून पाणी देत, गाव विचारत, माझे माहेर साताऱ्याकडचे म्हटल्यावर कंदी पेढ्यांचा विषय निघे, आणि मग निवडणुकीचे नाव काढताच चेहरा बंद होई. “आम्ही यात पडत नाही हो,” हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि तेलुगूमिश्रित इंग्रजीत इतक्यांदा ऐकले की पुढे मी ते ऐकूनच बोलायला सुरुवात करू लागले. एका घरात निवृत्त अभियंते होते. त्यांनी मला अर्धा तास श्री ठाणेदार यांच्याविषयी सांगितले, की बेळगावचा मुलगा, 2020 मध्ये डेट्रॉइटमधून मिशिगनच्या सभागृहात गेला आणि 2022 मध्ये थेट काँग्रेसमध्ये, आणि त्यांचा अभिमान डोळ्यांत दिसत होता. ते दोन्ही विजय आधी प्रायमरीतच मिळाले होते असे मी म्हटले, आणि तुम्ही इथल्या प्रायमरीत मत देता का असे विचारले. ते म्हणाले, “मी कुठल्या पक्षात आहे तेच मला ठाऊक नाही.”

हीच सगळ्यांची अडचण होती. मतदार म्हणून नोंद होताना, बहुधा वाहन परवान्याच्या कचेरीत घाईने एक चौकोन टिकला जातो किंवा रिकामा राहतो, आणि पुढे तो कुणाच्या लक्षात राहत नाही. रिकामा राहिलेल्याचे ठीक असते. अशा मतदाराला प्रायमरीच्या दिवशी मतदान केंद्रावरच पक्ष निवडून मत देता येते. पण ज्याने कधीकाळी दुसऱ्या पक्षाचा चौकोन टिकला असेल त्याला प्रायमरीच्या 55 दिवस आधी बदल करावा लागतो. ती तारीख 16 एप्रिल होती, आणि माझे बुधवार सुरू झाले 23 तारखेला. हा एक आठवडा माझ्या मनातून अजून जात नाही. राज्याच्या संकेतस्थळावर आपली नोंद पाहता येते. मी दारातच उभी राहून लोकांना ती पाहायला लावत असे. त्या अभियंत्यांचा चौकोन रिकामा निघाला आणि ते लॉटरी लागल्यासारखे हसले.

प्रचारपत्रक पत्रपेटीत टाकायचे नसते हेही मी चुकता चुकता शिकले. टपालाशिवाय त्या पेटीत काही घालणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पत्रक दाराच्या मुठीत अडकवायचे किंवा पायपुसण्याखाली सरकवायचे. पायपुसण्याखालचे पत्रक कुणी वाचत असेल यावर माझा विश्वास नाही.

मे महिन्यात लोक बोलते झाले, आणि त्याला कारण आम्ही नव्हतो. 16 मे रोजी न्यू जर्सी ट्रान्झिटच्या इंजिनचालकांचा संप झाला. तो तीनच दिवस चालला, पण न्यू यॉर्कला रोज जाणाऱ्या माणसाला राज्य सरकार नावाची काही गोष्ट असते हे त्या तीन दिवसांत कळले. मग 1 जूनपासून विजेचे दर सुमारे 17 ते 20 टक्क्यांनी वाढणार असल्याची पत्रे घरोघर आली. एका गृहस्थांनी दार उघडून मला बसूही न देता बिल समोर धरले आणि म्हणाले, “पक्ष कुठला ते सांगू नका, हे कोण कमी करणार ते सांगा.” बाई त्या दिवशी सोबत होत्या. त्यांनी त्या गृहस्थांना वीज कुठल्या प्रादेशिक लिलावातून येते, त्या लिलावात भाव का चढले आणि त्यातले राज्याच्या हातात किती थोडे आहे हे दहा मिनिटे सांगितले. रस्त्यावर आल्यावर प्रचारप्रमुख म्हणाला की कमी करीन एवढेच म्हणायचे होते. बाई म्हणाल्या, ते खोटे ठरले असते. मला दोघांचेही पटले.

उमेदवारांची एक जाहीर सभाही झाली. तिला सभा म्हणायचे की तोंडी परीक्षा, हा प्रश्न आहे. ग्रंथालयाच्या दालनात सगळे उमेदवार एका लांब टेबलामागे, प्रश्न श्रोत्यांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले, उत्तराला एक मिनिट, आणि समोर एक आजीबाई घड्याळ घेऊन लाल पुठ्ठा वर करायला सज्ज. हार नाही, ध्वनिक्षेपकावर घोषणा नाहीत, जेवणावळ नाही. मालमत्ता कर, परवडणारी घरे, शाळांचा निधी. सगळे एकाच पक्षाचे असल्यामुळे उत्तरे ऐंशी टक्के सारखीच येत होती. फरक होता तो उरलेल्या वीस टक्क्यांत, आणि कोण प्रश्नाचे उत्तर देतो व कोण प्रश्नाचे कौतुक करतो यात. प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाचे घरांविषयीचे उत्तर आमच्या बाईंपेक्षा चांगले होते. हे मी तेव्हा गाडीत बोलले नाही, इथे लिहिते.

शेवटच्या पंधरवड्यात आम्हाला गणिताने सतावले. असेम्ब्लीच्या चौकटीत ‘दोघांना मत द्या’ असे छापलेले असते, कारण जागा दोन. मतदार दोन नावे निवडू शकतो, पण सक्ती नसते. जोडीने लढणाऱ्यांना दोन्ही मते आपसात वाटून घेता येतात. एकटीने लढणाऱ्या बाईंना मिळालेल्या प्रत्येक मताबरोबर त्याच मतदाराचे दुसरे मत एखाद्या प्रतिस्पर्ध्याला जाणार होते. म्हणून काही कार्यकर्त्यांचा आग्रह होता की लोकांना फक्त एकच मत द्यायला सांगावे. मी दारात तसे सांगून पाहिले. एका बाईंनी मला विचारले, “दोन द्यायचा हक्क असताना मी एक का देऊ?” त्यांना पटेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि दुसऱ्या दिवसापासून मी ते सांगणे सोडून दिले.

3 ते 8 जून या काळात मुदतपूर्व मतदान झाले आणि 10 तारखेला मुख्य दिवस. मतदान सकाळी सहा ते रात्री आठ. मला एका प्राथमिक शाळेतल्या केंद्रावर उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून नेमले होते. आपल्याकडे ज्याला पोलिंग एजंट म्हणतात तसेच काहीसे. केंद्रापासून शंभर फुटांच्या आत प्रचाराला बंदी आहे, म्हणून मी आत येताना प्रचाराचा बिल्ला काढून पर्समध्ये टाकत होते आणि प्रतिनिधीचे ओळखपत्र लावत होते. व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या जाळीखाली यंत्रे मांडलेली, भिंतीवर मुलांनी रंगवलेली फुलपाखरे, आणि तासन्‌तास शांतता. बोटाला शाई नाही, रांग नाही. सकाळी दहापर्यंत मी माझ्या नोंदवहीत जेवढी नावे लिहिली तेवढी माणसे साताऱ्यात एका वेळी केंद्राच्या दारात उभी असतात.

अकराच्या सुमारास ते गुजराती आजोबा आले. टेबलावरच्या अधिकाऱ्याने यंत्रावर त्यांची सही उघडली, त्यांनी खाली आपली केली, आणि दोन्ही त्या पडद्यावर एकाखाली एक दिसल्या. तशाच, एकाही वळणाचा फरक नाही. माझ्याकडे पाहून त्यांनी भुवया किंचित उंचावल्या. मला बोलण्याची परवानगी नव्हती.

दुपारी ते अभियंते पत्नीला घेऊन आले. संध्याकाळी बुधवारच्या दारांपैकी आणखी काही आली. मी मोजली: एकोणीस. मी एकंदर दोनशेहून अधिक दारांवर गेले होते.

आठ वाजता दरवाजे बंद झाले आणि यंत्रांतून निकालाच्या पट्ट्या निघू लागल्या. किराणा दुकानाच्या पावतीसारखी पट्टी, फक्त हातभर लांब. गव्हर्नरपदाचे सहा उमेदवार आधी, मग असेम्ब्ली. अधिकारी बाईंनी ती टेबलावर पसरून दोन्ही टोकांना स्टेपलर आणि पाण्याची बाटली ठेवली, कारण ती सारखी गुंडाळत होती. आमच्या केंद्रावर बाई दुसऱ्या आल्या होत्या. मी फोटो काढून पाठवला आणि अर्धा तास आम्हाला वाटत राहिले की होईल. सगळ्या गावांचे आकडे आले तेव्हा त्या तिसऱ्या होत्या. टपाली मते अजून काही दिवस येणार होती, पण अंतर त्यांनी भरून निघण्यासारखे नव्हते. राज्यात त्या रात्री डेमोक्रॅटिक पक्षाकडून मिकी शेरिल आणि रिपब्लिकन पक्षाकडून जॅक चिटरेली गव्हर्नरपदाचे उमेदवार ठरले. बत्तिसाव्या मतदारसंघात मात्र होबोकेनचे महापौर रवी भल्ला आणि त्यांच्या जोडीच्या केटी ब्रेनन हे काउंटी संघटनेच्या उमेदवारांना हरवून जिंकले, म्हणजे नवी मतपत्रिका कुठेतरी चालली होती. आमच्याकडे जिंकलेली जोडी सहा शब्दांत संघटनेचे नाव छापणारी होती.

रात्री उशिरा मी अण्णांना फोन केला. त्यांनी मते विचारली नाहीत. आता त्या बाई अपक्ष उभ्या राहणार का, एवढेच विचारले. मी सांगितले की इथे प्रायमरीत हरलेल्याला नोव्हेंबरात अपक्ष म्हणून त्याच जागेवर उभे राहता येत नाही, कायदाच तसा आहे. “हां,” ते म्हणाले, “मग बंडखोरीचा रस्ताच बंद केलाय की.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “पण हरली ती लोकांत हरली. पेटीत मोजून.” आणि मग पहिल्यांदाच त्यांनी 27 सप्टेंबरच्या दुपारविषयी बोलायला सुरुवात केली: गाडीत कोण होते, फॉर्म कुणाच्या हातात होता, आणि आपल्या खिशातला अर्ज त्यांनी नंतर कुठे ठेवला. तो अजून आहे म्हणाले. देव्हाऱ्याखालच्या फळीवर, जुन्या पंचांगांच्या खाली.

बुधवारी संध्याकाळी मी आणि बाई अंगणांमधले फलक गोळा करायला निघालो. उन्हाने काहींचे रंग उडाले होते. एका घरासमोर थांबलो तेव्हा घरमालकीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, राहू द्या, पुढच्या खेपेला परत रोवायचा आहे, तो मी गॅरेजात ठेवते. बाईंनी तारेची चौकट मातीतून उपटली, तिला चिकटलेले ढेकूळ बुटाच्या टोकाने पाडले आणि फलक त्यांच्या हातात दिला.